कोणचे इंगळे?

कुसुम, तुझ्या शोकसभेच्या फलकावर त्यांनी तुझं आडनाव टाकलं. 'कै. कुसुम इंगळे', भोवती फुलांची चौकट, खाली शाळेचं नाव. मी दारातच थबकले. तू असतीस तर तो फलक उलटा करून भिंतीला टेकवला असतास आणि वर म्हणाली असतीस, "मेल्यावर तरी सोडा न वो." मी तो उलटा केला नाही. मला तर ते आडनाव तिथे हवंच होतं. इतकी वर्षं तुझ्याशी ज्यासाठी भांडले ते तू गेल्यावर पहिल्याच सभेत आयतं मिळालं, आणि काही केल्या ते घशाखाली उतरेना. पुढे जाऊन खुर्चीवर बसले, पण सबंध सभाभर माझं लक्ष त्या फलकाकडेच होतं.

तू जाऊन अजून महिना झालेला नाही. तू पेटी वाजवणारी, म्हणून माझ्या मोबाइलमध्ये तुझा नंबर 'कुसुम पेटी' या नावानं आहे, आणि काहीही घडलं की बोट तिकडेच जातं. लोक म्हणतात, मनाला समजवा. माझं मन समजूत काढून घ्यायला एका जागी बसत नाही, उठून येरझाऱ्या घालतं. स्वयंपाकघरात जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत येते. तुझ्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहून द्या, असं शाळेनं सांगितलं होतं. 'मनमिळाऊ' इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं. तू काय मनमिळाऊ होतीस? चांगली खमकी होतीस. आणि भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का?

आपलं भांडण एकच होतं. शिक्षिकांसाठी तू गाण्याची शिबिरं घ्यायचीस, त्यात कोणी आडनाव सांगायचं नाही, हा तुझा नियम. आडनाव बाहेर चपलांजवळ ठेवून या, असं तू दारातच सांगायचीस. मी म्हणायचे, हा नियम चुकीचा आहे. हे भांडण आपण शाळेच्या व्हरांड्यात केलं, एसटीत केलं, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा केलं. आणि अकोल्याचं शिबिर तर तू ठरवूनच ठेवलेलं. हॉल ठरलेला, बालवाडीच्या नि प्राथमिक शाळेच्या बायांना निरोप गेलेले. तुझ्या तेराव्याच्या आतच त्यांचे मेसेज मला येऊ लागले: "ताई, शिबिर होईल न? तुमीच घ्या आता. नियम मॅडमचाच राहील न?" शिबिर घेईन, असं मी लगेच कळवलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र टाइप करायचे आणि पुसून टाकायचे. तुझा नियम पाळला तर मी माझ्याशी खोटी, आणि मोडला तर उलट बोलायला तू नाहीस. मेलेल्या माणसाशी भांडण जिंकण्यासारखं लाजिरवाणं काही नसतं.

हे सगळं सुरू झालं ते स्टाफरूममध्ये, तुला आठवत असेलच. मी इतिहास शिकवायला नवी लागलेली. तू संगीताची, आधीपासूनची. हजेरीवर लागोपाठ दोन इंगळे पाहून शाळेचे हेडक्लार्क, बडे बाबू, खूश झाले होते. "दोघी बहिणी का वो?" तू हसून म्हणालीस, "म्हणा तसं." मग त्यांनी आपल्या वऱ्हाडातला ठरलेला प्रश्न विचारला. "मंग कोणचे इंगळे तुमी?"

बाहेरच्याला हे सांगून कळत नाही. आपल्याकडे आडनाव सांगितल्यानं प्रश्न मिटत नाही, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. जे आडनाव पाटलाच्या घरात तेच बौद्धवाड्यात. म्हणून 'कोणचे' विचारावंच लागतं, आणि विचारणाऱ्याला आपण काही वावगं विचारलं असं वाटतही नाही. तू चहाचा घोट घेता घेता सांगून टाकलंस, "आमी नांदगाव खंडेश्वरकडचे, पाटलाचे." बडे बाबू माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "आमी बौद्ध." ते म्हणाले, "असं, असं," आणि चहा ढवळायला लागले. साखर केव्हाच विरघळली होती. बहिणी असण्याचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू मला जिन्यात गाठलंस. "काल मी किती पटकन सांगून टाकलं न. मले इतकं सोपं होतं ते. तेच मले खुपून राहिलं. आजपासून मी आडनाव सांगतच नाही कोणाले." मी तुला धड ओळखतही नव्हते, पण जिभेला हाड नाही माझ्या. म्हटलं, "वा! म्हणजे आता फक्त मलेच विचारतील." तुला वाटलं मी गंमत केली. तू इतकी हसलीस की जिन्यातल्या पोरी वळून पाहायला लागल्या. मी अजिबात गंमत केली नव्हती. पण तुझं हसणं आवडलं, हे आज सांगून टाकते. त्या दिवशी मी डबा तुझ्या टेबलावर उघडला, आणि पुढे बदल्या झाल्या, मी निवृत्त झाले, तरी उघडत राहिले.

तू शब्दाला पक्की निघालीस. नाव विचारलं की 'कुसुम', एवढंच. पुढे शाळा सोडून गावोगावच्या शिक्षिकांची शिबिरं घ्यायला लागलीस तेव्हा कोणीतरी तुझ्या छातीवर 'सुलभक' असा बिल्ला लावला. मी म्हटलं, आयुष्यात एक गोष्ट सुलभ केली नाहीस, आणि तुला सुलभक म्हणतात. तू तो बिल्ला पेटीच्या झाकणाला आतून लावून ठेवलास.

खरं बोलायचं तर तुझ्या गोलात बसलं की माझं भांडण निम्मं व्हायचं. गोलात सगळ्यांनी नुसतं नाव सांगायचं आणि घरात पहिल्यांदा कानावर पडलेल्या गाण्याची एक ओळ म्हणायची. बाया बोलत असायच्या तेव्हा तू मान खाली घालून पेटीवर बोटं नुसती ठेवून बसायचीस. सगळ्यात दबक्या आवाजात जी बोलली, तिचा सूर तू हेरायचीस आणि दिवसभराची सगळी गाणी त्याच सुरात धरायचीस. मोठ्या गळ्याच्या बाया कुरकुरायच्या. "मॅडम, लय खाली हाय हा सूर, आमचा आवाजच निंगत नाही."

"नोका निंगू देऊ," तू म्हणायचीस. "आज तिचा दिवस हाय."

ती कोण, हे तू कधी सांगायची नाहीस. पण दुपारच्या भाकर-झुणक्याच्या पंगतीपर्यंत ती दबकी बाई बोलायला लागलेली असायची. मी मोर्चे काढले, निवेदनं दिली, कलेक्टर कचेरीसमोर उन्हात बसले. ते सगळं करायलाच हवं होतं, आजही करीन. पण कोणाचा आवाज खाली आहे म्हणून बाकीच्या तिच्याकडे खाली उतरल्या, हे मी तुझ्याच गोलात पाहिलं. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू लगेच नियमाचा विषय काढला असतास.

आणि नियमाच्या विषयावर मी काही ऐकून घेणार नव्हते. संघमित्रा असं नाव सांगितल्यावर आडनावाची कोणाला गरज उरते, कुसुम? तुझ्या गोलात मी नाव सांगितलं की चार बाया समजल्यासारख्या माना हलवायच्या. तुझी चप्पल बाहेर राहायची. माझी पायातच असायची, आणि मी ती काढल्याचं नाटक करावं, अशी तुझी अपेक्षा. "मी अपेक्षा करत नाही, विनंती करून राहिली," असं तू म्हणायचीस.

नांदगाव खंडेश्वरच्या पुढच्या त्या गावातली शाळा आठव. गावाचं नाव नको. खिचडी खायला पोरं व्हरांड्यात बसायची ती वस्तीवस्तीनं, वेगवेगळ्या रांगांत. गुरुजी म्हणाले, "आमी काई म्हणत नाही बाप्पा, ते त्याईच्या मनानंच बसतात." मी तिथेच पर्समधून कागद काढला, निवेदन लिहायला. तू माझ्या हातावर हात ठेवलास आणि पोरांना एक गाणं शिकवलंस. टाळी पडली की जागा बदलायची, गाणं थांबलं की जिथे असाल तिथे बसायचं, आणि ताट तिथेच यायचं. पोरं हसून हसून बेजार. रांगा केव्हा मोडल्या ते त्यांनाही कळलं नाही. दिवाळीनंतर आपण परत गेलो तर रांगा पुन्हा जशाच्या तशा. सहामाही परीक्षा जवळ आली म्हणून गाण्याचा तास बंद केला होता.

परतीच्या एसटीत मी तुला सोडलं नाही. "गाणं थांबलं, रांग आली. लिहून दिलं असतं तर काहीतरी झालं असतं."

"गुरुजीची बदली झाली असती. रांग तिथंच राहिली असती."

"मंग करायचं काय?"

"पुन्हा जायचं," तू म्हणालीस आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेलीस. मी रागानं तुझ्याकडे बघत बसले होते. आपण पुन्हा गेलो. त्याच्यानंतरही गेलो. निवेदनही मी दिलंच, तुला न विचारता. कशानं काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण शेवटी गेलो तेव्हा पोरं मिसळून बसली होती आणि गुरुजी तेच होते.

खरं भांडण झालं ते प्रज्ञावरून. ती अकोल्याकडची बालवाडीची शिक्षिका, अमरावतीच्या शिबिराला आली होती. तिची आई आमच्या वस्तीतली. चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टीत ती उभी राहिली की माइकवाला माइक लांब सरकवायचा, असा खणखणीत आवाज. गोलात प्रज्ञाची पाळी आली. घरात पहिल्यांदा ऐकलेलं गाणं. तिनं भुलाबाईचं, पार्वतीची मूर्ती मांडून पोरी म्हणतात ते गाणं म्हटलं. शेजारच्या दोघीतिघींनी लगेच टाळ्या धरल्या, कारण त्या लहानपणी अंगणात तेच गाणं म्हणत होत्या. प्रज्ञानं फार गोड म्हटलं. तू पेटीवर साथ केलीस. मी मात्र टाळ्या धरल्या नाहीत. माझ्या ओळखीच्या त्या बौद्ध घरात भुलाबाई कधी बसली नव्हती.

संध्याकाळी आपण गिल्या वड्याच्या, म्हणजे दह्यात बुडवलेल्या वड्याच्या गाडीवर उभ्या होतो. डॉक्टरांनी तुला तेलकट बंद केलेलं, आणि तू डॉक्टरांना बंद केलेलं. मी विषय काढला.

"तिच्या मायचा आवाज ऐकला का तू कधी? तो आवाज ऐकत वाढली ती पोरगी. आन् गोलात येऊन दुसऱ्याच्या अंगणातलं गाणं म्हणून गेली."

"तिले वाटलं ते तिनं म्हटलं. तू काहून तिच्यावर पहारा देऊन राहिली?"

"पहारा तुह्या नियमाचा हाय. आडनाव चपलांजवळ ठेवा म्हटलं, तिले वाटलं गाणं बी तिथंच ठेवा लागते."

तू वड्याचा एक तुकडा मोडलास. मग म्हणालीस, "मंग मी काय म्हणू? सांगा सगळ्या आपापली जात?"

"म्हण, इथं सांगितलं तरी चालते, नाही सांगितलं तरी चालते."

"आन् बाकीच्याईनं सांगितल्यावर जी गप्प राहील, तिचं?"

उत्तर नसलं की मी काय करते ते तुला माहीत आहे. मी हातातलं सगळ्यात जड ते फेकलं. म्हटलं, "तुले काही किंमत मोजाव लागत नाही, कुसुम. तू आडनाव टाकलं तरी ते तुह्या मागं मागं चालत येते." तू वड्याची प्लेट गाडीवर ठेवलीस. निम्मी भरलेली. तुला ओळखणाऱ्याला यातलं गांभीर्य समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतर आपण बोलत होतो, पण जपून. जपून बोलणं आपल्या दोघींना शोभत नव्हतं. मग तुझं दुखणं आलं आणि सगळंच घाईघाईनं झालं. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तू माझं मनगट धरलंस. "तुह्या त्या गोष्टीवर मी विचार करून राहिली. बरी झाली का सांगते."

"आत्ता सांग न."

"आत्ता दम लागते वो."

मी बरं म्हटलं. तुला पाणी पाजलं, चादर सारखी केली, आणि बाहेर येऊन रिक्षा केली. एवढंच. तू काय सांगणार होतीस? मला रोज वेगळं वाटतं. सकाळी वाटतं, तू माझं म्हणणं मान्य करणार होतीस. दुपारी वाटतं, छे, ही बाई मान्य करते होय, हिनं काहीतरी नवीन खुसपट शोधलं असणार. कधीकधी वाटतं, मला गप्प बसवायला नुसतं म्हणालीस. मला चैन पडत नाही ते याच्यामुळे.

आणि शोकसभेनंतर तुझे भाऊ विनायकदादा भेटले. लोक पांगले होते. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमाले एक सांगा लागते. कुसुमनं सांगितलं का नाही, मले ठाव नाही."

त्यांच्या मुलाच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, बायांनी आत्याबाईला गाण्याचा आग्रह केला. तू पेटी घेतलीस आणि जयंतीचं गाणं म्हटलंस. माझ्या आईनं अकोल्याच्या घरात ओट्यावर बसून तुला शिकवलेलं. म्हणायच्या आधी तू भर मांडवात सांगितलंस, "हे मी संघमित्राच्या मायजवळ शिकली." तुमचे मामा उठून गेले. त्यांच्यामागे पुरुष उठले, मग बायाही. तू गाणं पूर्ण म्हटलंस. समोर विनायकदादांची बायको आणि वाजंत्रीवाले तेवढे उरले होते. त्यानंतर तुला घरच्या कार्याला बोलावणं बंद झालं.

"मामा तं मामा," दादा म्हणाले, "मीच नाही बोलावलं ताई. पोरीच्या लग्नाले बी नाही. आता फोटोले हार घालून राहिलो."

हे प्रज्ञाच्या शिबिराच्या कितीतरी आधीचं. म्हणजे गिल्या वड्याच्या गाडीवर, तुले काही किंमत मोजाव लागत नाही, असं मी म्हटलं तेव्हा तू ती मोजून बसली होतीस. मला तुझा भयंकर राग आला, कुसुम. अजून आहे. हुकमाचं पान हातात धरून तू का हरलीस? एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. दादा बिचारे मला रडायला येईल म्हणून रुमाल काढून उभे, आणि मी दातओठ खात होते. घरी येईपर्यंत मला तुझं थोडं कळलं. माझ्यापुढे तुला तुझं दुःख मांडायचं नव्हतं. ते माझ्या दुःखाच्या शेजारी ठेवलं की लगेच तोलून बघितलं गेलं असतं, कदाचित मीच बघितलं असतं. तू मला त्यापासून वाचवलंस. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला धोपटायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी आई असती तर तुझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली असती.

दादांनी जाताना पेटी माझ्या हवाली केली. "तुमच्याजवळच राहू द्या." शिबिरासाठी अकोल्याला निघाले तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत ती एसटीत माझ्या मांडीवर होती, पुढे कंडक्टरनं जागा करून दिली. अकोला येईपर्यंत नियमाचं माझं काही ठरलं नव्हतं. हॉलच्या दारात चपलांचा ढीग पाहिला आणि ठरलं. तू मांडवात नाव घेऊन सांगितलंस ना, मग मी का लपू?

गोल बसला. काही तुझ्या जुन्या बाया, काही नव्या. तुझ्या आठवणीनं दोघीतिघींचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "मी संघमित्रा इंगळे. कोणचे इंगळे ते विचारायची तसदी घेऊ नका, आमी बौद्ध. आता तुमी. ज्याइले पूर्ण नाव सांगायचं त्याइनं सांगा, ज्याइले नाही सांगायचं त्याइनं नोका सांगू."

जरा चुळबुळ झाली. मग एकीनं सांगितलं, दुसरीनं सांगितलं. एक जण घाईघाईनं म्हणाली, "आमी कुणबी, पण आमच्यात तसं काई नाही," आणि निम्म्या हॉलला हसू फुटलं. "काहून हसून राहिल्या?" ती गोरीमोरी झाली, पण मग तीही हसली. दोघींनी ताठ मानेनं 'बौद्ध' म्हटलं, माझ्याकडे बघत. मला बरं वाटलं. मनातल्या मनात तुला टोमणाही मारून घेतला.

मग गोलाच्या टोकाला बसलेल्या बाईची पाळी आली. पस्तिशीची असेल, गडद निळी साडी, कडेला पिशवी. ती म्हणाली, "रंजना." आणि थांबली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तुझ्या नियमात कोणीही वळून पाहिलं नसतं. गाडीवर तू विचारलंस त्याचं उत्तर हे होतं: जी गप्प राहील तिच्याकडे सगळ्या पाहतील. त्या पाहण्यात मीही होते. तिचं आडनाव मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

मला गप्प बसवेना. "काय पाहून राहिल्या तिच्याकडं?"

मग एक म्हातारीशी शिक्षिका म्हणाली, "पाहत नाही वो ताई. पण आडनाव नाही सांगितलं म्हणजे समजतेच न."

"काय समजते?"

ती जमिनीकडे बघू लागली. मी पुढे सरसावले होते. आज हे बोलून घ्यायचंच, कुसुमच्या गोलात जे कधी झालं नाही ते आज करायचं, अशा आवेशात. तेवढ्यात रंजनानं हात वर केला, वर्गातल्या मुली करतात तसा.

"ताई, थांबा जराशा. मॅडम होत्या तं म्हणत, आडनाव नोका सांगू. तुमी म्हणता, सांगायचं तं सांगा. दोन्हीकडं गोष्ट आडनावाचीच. मी सांगितलं, मंग? नाही सांगितलं, मंग? माह्या बालवाडीत पोट्टे गाणं म्हणतात तं कोणी कुठं पळते, कोणी कुठं. माह्याच सुराचा ठिकाणा नाही, त्याइचा काय राहीन? मॅडम मांगच्या शिबिरात म्हणाल्या होत्या, रंजना, पुढच्या खेपेले ये, तुले पेटी शिकवते. मी त्याच्यासाठी आली. दोन एसट्या बदलून आली. शिकवता का पेटी?"

मी पेटी पुढे ओढली. भात्याची कडी काढली, तू काढायचीस तशी. पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि पुढे काय करायचं ते मला कळेना. मला निवेदन लिहिता येतं, कुसुम. मला कायद्याची कलमं पाठ आहेत. 'कोणचे' विचारणाऱ्याला कसं उत्तर द्यायचं ते तर झोपेतही येतं. यातलं काहीच त्या बाईनं मागितलं नव्हतं. तिनं जे मागितलं ते फक्त तुझ्याकडे होतं.

"मले नाही येत," मी म्हटलं. "जिले येत होती, ती गेली."

हे वाक्य मी तोवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं. दवाखान्यात नाही, शोकसभेच्या भाषणात तर नाहीच. तिथे मी तुझ्या कार्याविषयी बोलले होते. ते वाक्य बोलले आणि माझा बांध फुटला. पदर तोंडात कोंबला तरी आवाज आवरेना. माझं असं कधी होत नाही. ज्या बायांना मी घटकाभरापूर्वी जाब विचारत होते त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि ती म्हातारी शिक्षिका, जिला मी बोलायला लावत होते, तीच पाण्याची बाटली घेऊन आली.

रंजना गोल ओलांडून माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं पेटी आपल्याकडे वळवली. एका हातानं भाता हलवत, गुणगुणत, एक एक पट्टी दाबून ती तुझ्या शिबिरातल्या एका गाण्याचा पहिला सूर शोधू लागली. ही नाही. ही पण नाही. मग एका पट्टीवर ती थांबली, तशीच दाबून धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हाच न, ताई?"

मला माहीत नव्हतं, कुसुम.